दुर्मीळ आहे, पण खपेल का? कोल्हापुरात बसून ट्रेडिंग कार्ड विकण्याचा क्रम

घरातल्या ट्रेडिंग कार्डाचा (पोकेमॉन, मॅजिक, यु-गि-ओ अशा खेळांचं किंवा खेळाडूंचं, जमवायचं छापील कार्ड) फोटो काढायचा, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या कार्डाची इंटरनेटवरची सगळ्यात मोठी किंमत शोधायची, तो आकडा मनात धरून ग्रेडिंगचे, म्हणजे परदेशी कंपनीकडून कार्ड तपासून त्याचा दर्जा ठरवून घेण्याचे, पैसे भरायचे आणि गिऱ्हाईक कुठं आहे हे सगळ्यात शेवटी बघायचं. कोल्हापुरातून कार्डं विकायला काढणारे बहुतेक जण याच क्रमाने जातात आणि अडकतात. पैसे खर्च होतात, कार्ड कित्येक महिने परदेशात राहून परत येतं, आणि मग कळतं की ते घ्यायला कुणी तयार नाही, किंवा ते मुळात खोटंच होतं.

यातला मूळ घोटाळा दोन वेगळ्या गोष्टी एकच समजण्याचा आहे. कार्ड किती छापली गेली आणि चांगल्या अवस्थेत किती शिल्लक आहेत, ही झाली दुर्मीळता. आज विकायला काढलं तर योग्य भावात किती दिवसांत जाईल, हा झाला उठाव. तोळाभर सोनं गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, नेलं तर दुपारच्या आत पैसे हातात येतात. गावाकडचा प्लॉट त्याच्या कितीतरी पट महाग असतो, पण गिऱ्हाईक मिळायला वर्ष जातं. कार्डांतही हे दोन्ही प्रकार आहेत आणि आपल्या हातातलं कार्ड कुठल्या प्रकारचं आहे हे आधी कळायला हवं.

खालचा क्रम मोडू नका. प्रत्येक टप्प्यावर काही कार्डं गळतील, गळू द्यात. उरतील त्यांच्यावरच वेळ आणि पैसा घालायचा आहे.

## टप्पा १: सामान आणि हवा

सामान थोडंच लागतं: पातळ मऊ स्लीव्ह (कार्डाचं प्लास्टिकचं पाकीट), कडक टॉपलोडर (स्लीव्हबाहेरची ताठ प्लास्टिकची खोळ), दहापट मोठं दाखवणारं सोनारी भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, मोबाइलचा टॉर्च, फूटपट्टी आणि वही. भिंग आणि काटा कुठं मिळेल हे गुजरीतला ओळखीचा सोनार सांगेल. स्लीव्ह आणि टॉपलोडर मात्र ऑनलाइन मागवावे लागतात. साध्या कार्डाला ३५ पॉइंट (पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचा टॉपलोडर पुरतो. जर्सीचा तुकडा बसवलेल्या जाड क्रीडा-कार्डाला १३० पॉइंटच्या आसपासचा लागतो. जाड कार्ड पातळ टॉपलोडरमध्ये कोंबलं की कोपरे गेलेच म्हणून समजा.

दुसरी तयारी हवेची. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात भिंतीसुद्धा ओल धरतात. चमकदार कार्डात कागदावर धातूचा पातळ थर चिकटवलेला असतो. कागद ओलावा ओढतो, थर ओढत नाही, म्हणून कार्डाला बाक येतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात डबा पुन्हापुन्हा उघडू नका. फोटो काढणं, अवस्था तपासणं ही कामं शक्यतो नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत उरका. आणि डबा तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, नागाळा पार्क भागातल्या घरांत पाणी शिरलं होतं. भिजलेल्या कार्डाला कुठलाच उपाय नाही.

हे करू नका: रबर लावणं. पीव्हीसीच्या अल्बममध्ये वर्षानुवर्षं ठेवणं. सॅनिटायझरने किंवा ओल्या फडक्याने पुसणं. बाक काढायला इस्त्री फिरवणं. झिजलेल्या काळ्या कडेला स्केच पेन लावणं. शेवटचे दोन प्रकार ग्रेडिंगवाल्यांच्या लगेच लक्षात येतात आणि कार्डावर छेडछाडीचा शिक्का बसतो.

आणखी एक, कार्डं मुलाची असतील तर हात लावण्याआधी त्याला विचारा. त्याने जमवलेली आहेत ती.

## टप्पा २: ढीग उपसणं

हजार कार्डांच्या ढिगात विकण्याजोगी पंधरा-वीस असतात. एकेक कार्ड मोबाइलवर शोधत बसलात तर तिसऱ्या दिवशी कंटाळून सगळं पुन्हा डब्यात जाईल. आधी नुसत्या खुणा बघा.

पोकेमॉन कार्डाच्या तळाशी कोपऱ्यात चिन्ह असतं: गोल म्हणजे साधं, पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे जरा कमी मिळणारं, तारा म्हणजे रेअर. २०२३ च्या स्कार्लेट अँड व्हायोलेट मालिकेपासून ताऱ्यांची संख्या आणि रंग बदलले. दोन काळे तारे म्हणजे डबल रेअर, दोन चंदेरी म्हणजे अल्ट्रा रेअर, एक सोनेरी म्हणजे इलस्ट्रेशन रेअर, दोन सोनेरी म्हणजे स्पेशल इलस्ट्रेशन रेअर. शिवाय क्रमांक बघा. १९९/१६५ असं लिहिलेलं दिसलं, म्हणजे पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा, तर ते सीक्रेट रेअर. ते लगेच बाजूला काढा.

मॅजिकच्या कार्डात चित्राखाली उजवीकडे संचाचं चिन्ह असतं: काळं साधं, चंदेरी अनकॉमन, सोनेरी रेअर, नारिंगी-लाल मिथिक. हे रंग १९९८ पासून आले आणि मिथिक २००८ पासून, म्हणून १९९८ आधीच्या कार्डांचं चिन्ह काळं असलं तरी ती वेगळी ठेवा. यु-गि-ओमध्ये नावाची अक्षरं आणि चित्र चमकतं का ते बघायचं. खेळाडूंच्या कार्डांवर ९९ पैकी १२ असा छापील अनुक्रमांक किंवा सही असेल तर ते काढून ठेवा.

बाकीचा ढीग बल्क. तो शेवटी एकगठ्ठा द्यायचा.

## टप्पा ३: ओळख पटवणं

इथं घाई झाली की पुढचं सगळं चुकतं. प्रत्येक निवडलेल्या कार्डापुढे वहीत सहा गोष्टी लिहा: खेळ, संच, क्रमांक, आवृत्ती, भाषा, चमक. सहांतली एक जरी बदलली तरी ते वेगळं कार्ड आणि त्याचा भाव वेगळा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पोकेमॉनच्या चॅरिझार्डवर. इंग्रजी बेस सेट १९९९ चा, १०२ कार्डांचा, आणि त्यातला चॅरिझार्ड ४/१०२. याचे तीन मुख्य प्रकार आहेत. चित्राच्या खाली डावीकडे पहिल्या आवृत्तीचा काळा शिक्का असेल तर फर्स्ट एडिशन. शिक्का नाही आणि चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला सावलीही नाही, तर शॅडोलेस. सावली असेल तर अनलिमिटेड. तिघांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरोघरी जे सापडतं ते, अस्सल असलंच तर, बहुधा अनलिमिटेड.

दोन सापळे नीट ध्यानात ठेवा. पहिला: तळाच्या बारीक ओळीत १९९५ दिसतं म्हणून कार्ड १९९५ चं ठरत नाही. ते हक्कांचं वर्ष आहे. पोकेमॉनची कार्डं जपानमध्येच १९९६ साली आली. त्याच ओळीच्या शेवटी असणारं वर्ष वाचा. दुसरा: २०२१ च्या सेलिब्रेशन्स संचात जुना चॅरिझार्ड पुन्हा छापला गेला आणि त्यावर क्रमांकही तोच, ४/१०२, ठेवला. फक्त २५ व्या वर्धापनाचा छोटा पिकाचू शिक्का जास्त आहे. क्रमांकावरून भाव काढणारे इथं हमखास चुकतात.

भाषाही बघा. जपानी, कोरियन, इंडोनेशियन कार्डाला इंग्रजीचा भाव लावता येत नाही.

तपासा: वहीतल्या सहाही रकान्यांत काहीतरी लिहिलंय का? एखादा रिकामा असेल तर त्या कार्डाचा भाव अजून शोधू नका.

## टप्पा ४: अस्सल की नकली

आपल्याकडे हा टप्पा वगळून चालतच नाही. महाद्वार रोडपासून जत्रेतल्या पालांपर्यंत वीस-तीस रुपयांना मिळालेली पोकेमॉनची पाकिटं जवळजवळ सगळी नकली असतात. सोनेरी प्लास्टिकची चकचकीत कार्डं तर नक्कीच. धातूची अस्सल कार्डं काही मोजक्या महागड्या बॉक्समध्येच आली, पाकिटात नाहीत.

तपासणी याच क्रमाने करा. आधी डोळ्यांनी, मग उजेडात, मग भिंगाखाली, मग काट्यावर. त्यासाठी त्याच खेळाचं, शक्यतो त्याच संचाचं, खात्रीचं एक साधं कार्ड शेजारी हवं. एकट्या कार्डाकडे बघून अंदाज बांधू नका.

डोळ्यांनी: पाठीचा निळा रंग फिका किंवा जांभळट आहे का? अक्षरं जाडजूड, शब्दांत चुका, शक्तीचा आकडा अवाच्या सवा आहे का? २०२३ पासून इंग्रजी पोकेमॉन कार्डांची पिवळी कड जाऊन राखाडी आली. स्कार्लेट अँड व्हायोलेटचं इंग्रजी कार्ड पिवळ्या कडेचं दिसलं तर लगेच संशय घ्या. नव्या महाग कार्डांच्या पृष्ठभागावर बोटांच्या ठशांसारख्या बारीक रेघा असतात, त्या तिरक्या उजेडात उठून दिसतात. नकलीवर सपाट चमक असते.

उजेडात: टॉर्च कार्डामागे धरा. अस्सल कार्डाच्या दोन कागदांमध्ये गडद थर असतो, म्हणून उजेड कमी येतो. नकली कार्ड झगझगीत उजळतं. कार्ड फाडून आतला थर बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

भिंगाखाली: चित्र ठिपक्यांनी बनलेलं दिसेल, पण काळी अक्षरं भरीव आणि स्वच्छ काठाची असायला हवीत. अक्षरंही रंगीत ठिपक्यांची दिसली तर ते कार्ड स्कॅन करून छापलेलं आहे. मॅजिकसाठी पाठीवरचा हिरवा गोळा बघा: त्यात चार लाल ठिपके इंग्रजी एल अक्षराच्या आकारात असतात.

काट्यावर: शेजारच्या अस्सल कार्डाशी वजन ताडून बघा. एकट्या वजनावर निकाल देऊ नका, पण फरक ठळक असेल तर वरच्या चाचण्या पुन्हा करा.

स्लॅबमधलं, म्हणजे ग्रेड होऊन प्लास्टिकच्या सीलबंद पेटीत आलेलं कार्डही आपोआप अस्सल ठरत नाही. पेट्या आणि लेबलंही नकली निघतात. लेबलवरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि निघालेलं कार्ड, ग्रेड, आणि असेल तर फोटो जुळवा.

थांबा: शंका राहिली तर कार्ड विक्रीतून बाजूला ठेवा. नकली कार्ड माहीत असून अस्सल म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि कार्डवाल्यांच्या गटांत एकदा नाव गेलं की परत येत नाही.

## टप्पा ५: अवस्था

आपल्या कार्डाला आपणच मिंट, म्हणजे अगदी कोरं, म्हणायची सवय सोडा. पाकिटातून काढून थेट स्लीव्हमध्ये गेलेलं कार्डसुद्धा छपाईतच वाकडं कापलेलं असू शकतं.

चार गोष्टी बघायच्या: मध्यभाग, कोपरे, कडा, पृष्ठभाग. मध्यभागासाठी डावी-उजवी आणि वरची-खालची कड मिलिमीटरमध्ये मोजा. पीएसए या अमेरिकी ग्रेडिंग कंपनीच्या १० ग्रेडला, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाला, पुढच्या बाजूला साधारण ५५-४५ पर्यंतचा फरक चालतो, मागच्या बाजूला ७५-२५ पर्यंत. कोपरे आणि कडा बघायला कार्ड उलटं करा. निळ्या पाठीवर पांढरे ठिपके पटकन दिसतात. पृष्ठभागासाठी दिवा एका बाजूला ठेवून कार्ड सावकाश तिरकं करा. समोरून न दिसणारे ओरखडे आणि दाब तेव्हाच दिसतात.

मग प्रामाणिकपणे एक शिक्का द्या, चांगल्याकडून खराबाकडे असे: नियर मिंट, लाइटली प्लेड, मॉडरेटली प्लेड, हेवीली प्लेड किंवा डॅमेज्ड. दोन शिक्क्यांमध्ये मन अडकलं तर खालचा लिहा. गिऱ्हाइकाला सांगितल्यापेक्षा चांगलं कार्ड मिळालं तर तो पुन्हा येतो.

## टप्पा ६: उठाव मोजणं

लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि सगळ्यात जास्त वगळला जाणाराही हाच.

ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर कार्डाचं पूर्ण वर्णन टाकून फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवायचा पर्याय निवडा. तिथं साधारण मागच्या ९० दिवसांच्या विक्री दिसतात. त्याच अवस्थेची, त्याच भाषेची किती विकली ते मोजा. मग तसंच कार्ड सध्या किती जणांनी विकायला ठेवलंय ते मोजा. समजा, ९० दिवसांत ४० विकली आणि सध्या २० विक्रीला आहेत. म्हणजे दीड महिन्यात सगळा माल संपेल एवढा उठाव आहे. पण ९० दिवसांत एकच विकलं आणि १५ विक्रीला पडून असतील, तर तुमचं सोळावं. तुम्ही रांगेत वर्षानुवर्षं उभे राहाल, मग ते कार्ड कितीही दुर्मीळ असो.

दुसरी कसोटी म्हणजे विकलेल्या भावांमधली तफावत. शेवटच्या पाच विक्री ४,८०० ते ५,३०० रुपयांत असतील तर बाजाराचं एकमत आहे. त्या २,००० पासून ९,००० पर्यंत पसरल्या असतील तर भाव ठरलेलाच नाही आणि प्रत्येक गिऱ्हाइकाशी नव्याने घासाघीस करावी लागेल. तिसरी कसोटी: कार्डांचा व्यापारी ते कार्ड कितीला विकतो आणि कितीला विकत घेतो यातलं अंतर. ज्या कार्डाला उठाव आहे ते घ्यायला व्यापारी चांगला भाव देतो, कारण त्याला ते लगेच फिरवता येतं. तो नुसताच नाही म्हणाला, तर तेही उत्तरच आहे.

आता दुर्मीळतेचे फसवे प्रकार.

जगात एकच असलेलं, एकपैकी एक असा क्रमांक छापलेलं कार्ड घ्या. मोठ्या खेळाडूचं असेल तर लिलावात झुंबड उडते. कुणाला माहीत नसलेल्या खेळाडूचं असेल तर तुलना करायला मागची विक्रीच नसते, आणि घेणारा सावधपणे फार कमी बोलतो. ग्रेडिंग कंपन्या कुठल्या कार्डाला कुठला ग्रेड किती वेळा दिला याची यादी प्रसिद्ध करतात. त्यात १० ग्रेडची फक्त तीन कार्डं दिसली की लोक हरखतात. पण आकडा लहान असण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं की ते कार्ड पाठवायची तसदी कुणी घेतली नाही. यादीतला आकडा नेहमी विक्रीच्या आकड्याशेजारी ठेवून वाचा. छपाईतल्या चुका असलेली कार्डं, मोठ्या आकाराची जंबो कार्डं, विशेष कार्यक्रमात वाटलेली कार्डं यांचंही असंच: आवडणारे मोजके, आणि ते कधी भेटतील याचा नेम नाही.

याउलट चॅरिझार्ड, पिकाचू, अंब्रिऑन, म्यू या लाडक्या पोकेमॉनची कार्डं हजारोंनी असूनही रोज विकली जातात. जो जगभर ओळखीचा आहे त्याला उठाव आहे.

पुरवठा पुढे वाढणार का, हेही बघा. पोकेमॉनचे चालू संच पुन्हा छापले जातात, म्हणून नव्या कार्डाचा पहिल्या आठवड्यातला भाव बहुधा टिकत नाही. यु-गि-ओत पुनर्छपाई झाली किंवा स्पर्धेत त्या कार्डावर बंदी आली की भाव झपाट्याने पडतो. मॅजिकमध्ये १९९६ पासून एक राखीव यादी आहे. त्यातली कार्डं पुन्हा छापणार नाही असा कंपनीचा शब्द आहे, त्यामुळे त्यांचा पुरवठा बांधलेला आहे. खेळाडूंच्या कार्डांचा उठाव हंगामावर चालतो. स्पर्धेच्या तोंडावर विका, संपल्यावर नको.

आणि आपल्या गावाची आवड हा बाजार समजू नका. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचा फुटबॉल सामना असला की बसायला जागा मिळत नाही, मेस्सी-रोनाल्डोची पोस्टरं गल्लोगल्ली लागतात. तरीही मेस्सीच्या कार्डाला चाळीस हजार मोजणारा माणूस कोल्हापुरात शोधावा लागतो. क्रिकेटचं नेमकं उलट आहे. चाहते कोट्यवधी, पण कार्डं जमवणारे थोडे, म्हणून क्रिकेट अटॅक्स या क्रिकेटपटूंच्या कार्ड-मालिकेतली बहुतेक कार्डं लॉटमध्ये, म्हणजे गठ्ठ्यानेच जातात.

तपासा: वहीत प्रत्येक कार्डापुढे लिहा: लगेच जाईल, सावकाश जाईल, गिऱ्हाईक शोधावं लागेल. तिसऱ्या गटावर अजून एक रुपयाही खर्च करू नका.

## टप्पा ७: भाव ठरवणं

मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. झालेला व्यवहार म्हणजे भाव. त्याच अवस्थेच्या शेवटच्या पाच-सात विक्री लिहा, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची खोडा, उरलेल्यांतली मधली घ्या.

ईबेवर किमतीवर रेघ मारलेली दिसली तर तिथं घासाघीस होऊन कमी पैशांत व्यवहार झालेला असतो. रेघ मारलेला आकडा धरू नका. प्राइसचार्टिंगसारख्या संकेतस्थळांवरचे आकडे पटकन अंदाज घ्यायला बरे, पण त्यांच्यावर शेवटचा भाव ठरवू नका. युरोपातल्या कार्डमार्केट आणि अमेरिकेतल्या टीसीजीप्लेअर या कार्डविक्रीच्या संकेतस्थळांचा भाव एकच नसतो, हेही लक्षात असू द्या.

मग हातात किती येणार ते काढा: विक्रीतून त्या संकेतस्थळाची फी, पैसे वळवण्याचा खर्च आणि टपाल वजा. परदेशात दहा हजारांना जाणारं कार्ड इथल्याच संग्राहकाला साडेआठ हजारांना देणं पुष्कळदा जास्त फायद्याचं पडतं.

## टप्पा ८: ग्रेडिंग करायचं का?

बहुतेक कार्डांसाठी उत्तर नाही असंच येतं. निर्णय हिशेबावर घ्या.

समजा, कार्ड आहे तसं, म्हणजे रॉ, ६,००० रुपयांना जातं. ९ ग्रेड मिळाला तर ८,००० आणि १० मिळाला तर २०,०००. फी, दोन्ही बाजूंचं टपाल आणि विमा मिळून खर्च ५,०००. दहातल्या तीन वेळा १०, पाच वेळा ९ आणि दोन वेळा त्याखालचा ग्रेड येईल असं धरा आणि खालच्या ग्रेडला रॉइतकाच भाव लावा. सरासरी येते ११,२०० रुपये. खर्च वजा जाता ६,२००. दोनशे रुपयांसाठी महिनोन् महिने थांबायचं आणि कार्ड समुद्रापार पाठवायची जोखीम घ्यायची. हा हिशेब आपापल्या कार्डाचे आकडे घालून एकदा मांडाच.

ग्रेडिंग परवडतं ते तीन ठिकाणी: मध्यभाग, कोपरे, कडा, पृष्ठभाग चारही निर्दोष असताना, ९ ग्रेड मिळूनही खर्च निघत असेल तेव्हा, आणि जुन्या महाग कार्डाचं अस्सलपण सिद्ध केल्याशिवाय घेणारा पुढेच येत नसेल तेव्हा. कंपनी निवडताना गिऱ्हाईक कुणाचा स्लॅब मागतो ते बघा. पोकेमॉनला पीएसएच्या स्लॅबचा उठाव सर्वांत जास्त. बेकेट आणि सीजीसी या कंपन्यांचेही चालतात, पण भाव त्या-त्या स्लॅबच्या विक्रीवरून काढा.

पीएसए जाहीर केलेल्या किमतीवर फी ठरवते आणि ग्रेडनंतर कार्ड वरच्या किमतीच्या गटात गेलं तर फरक मागते. त्यासाठी पैसे बाजूला ठेवा. पाठवताना टॉपलोडरऐवजी लवचीक अर्ध-कडक होल्डर वापरतात. कार्ड बाहेर पाठवल्याचे कागद आणि फोटो जपा. परत येताना कस्टममध्ये तेच दाखवावे लागतात. मध्यस्थामार्फत गटाने पाठवत असाल तर पावती, कार्डांची यादी आणि हरवल्यास भरपाई कोण देणार हे लेखी घ्या.

## टप्पा ९: कुठं विकायचं

पाचशे ते पाच हजारांपर्यंतची कार्डं भारतातल्या संग्राहकांच्या गटांत चांगली जातात. त्यावर गिऱ्हाईक कमी होत जातं, आणि पन्नास हजारांच्या पुढे देशात मोजकेच लोक उरतात, असा माझा अनुभव आहे. घाई असेल तर व्यापाऱ्याला द्या. तो बाजारभावाच्या साधारण अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत देईल, पण पैसे त्याच दिवशी मिळतील. मुंबई कॉमिक कॉनसारख्या कॉमिक्सप्रेमींच्या मेळ्यात समोरासमोर अदलाबदल आणि विक्री होते. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालात तरी चालतं, मात्र कार्डांचा डबा झोपताना उशाशी ठेवा, सीटखालच्या बॅगेत नको.

परदेशात विकायचं तर आधी कागद. भारतातलं ईबे २०१८ मध्ये बंद झालं, पण इथून परदेशी गिऱ्हाइकांना ईबेवर विकता येतं. पैसे पेओनीअर या परदेशी पैसे वळवणाऱ्या सेवेमार्फत येतात. व्यापारी निर्यातीला डीजीएफटीचा (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा) आयात-निर्यात कोड लागतो. टपालाने पाठवायचं असेल तर पोस्टाच्या डाक घर निर्यात केंद्रात विचारा. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफी बंद केली आहे, तेव्हा तिकडच्या गिऱ्हाइकाशी शुल्क कोण भरणार हे भाव ठरवतानाच बोलून घ्या.

## टप्पा १०: फोटो आणि पैसे

पुढची बाजू, मागची बाजू, चारही कोपरे जवळून, आणि दोष असेल त्या जागेचा तिरक्या उजेडातला फोटो. कार्डाशेजारी हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवा, त्यावर तुमचं गटातलं नाव आणि त्या दिवसाची तारीख. चिठ्ठीशिवाय टाकलेल्या फोटोवर जाणकार माणूस विश्वास ठेवत नाही. वर्णनात दोष आधी लिहा, कौतुक नंतर.

पैशाचे नियम सोपे आहेत, पण पाळा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगितला तर तो तुमचे पैसे काढतोय. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पुरावा धरू नका. बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसल्यावरच कार्ड हलवा. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. समोरासमोर व्यवहार असेल तर दिवसा, सीसीटीव्ही असलेल्या जागी भेटा, बँकेच्या शाखेत भेटलात तर उत्तम. आणि एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे.

## टप्पा ११: बांधणी आणि रवानगी

कार्ड स्लीव्हमध्ये, स्लीव्ह टॉपलोडरमध्ये. टॉपलोडरच्या तोंडावर कागदी चिकटपट्टी लावा आणि तिचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे घेणाऱ्याला ती कात्रीशिवाय काढता येते. ते सगळं छोट्या प्लास्टिक पिशवीत, मग दोन पुठ्ठ्यांमध्ये, मग बबल रॅप, मग खोका. नुसतं पाकीट नको. पावसाळ्यात खोक्याच्या आतूनही एक प्लास्टिक घाला. खोका हलवून बघा: आत काही सरकलं तर पुन्हा बांधा.

बांधणीचा व्हिडिओ न थांबवता काढा, कार्ड दिसण्यापासून पत्ता चिकटवेपर्यंत. घेणाऱ्यालाही उघडतानाचा व्हिडिओ काढायला आधीच सांगा. बाहेर कार्डाचं नाव लिहू नका. १ सप्टेंबर २०२५ पासून पोस्टाची रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, त्यामुळे पाठवताना काउंटरवर नोंदणी आणि विम्याचं स्पष्ट विचारा. खासगी कुरिअरने पाठवणार असाल तर हरवल्यास जास्तीत जास्त किती भरपाई मिळेल ते पावतीच्या मागे वाचा. तो आकडा कार्डाच्या किमतीपेक्षा फार लहान असतो.

तपासा: ट्रॅकिंग क्रमांक घेणाऱ्याला त्याच दिवशी पाठवला का? पावतीचा फोटो काढला का? छपाई पुसट होते, म्हणून फोटो हवाच.

## टप्पा १२: विकलं नाही तर, आणि नोंदी

तीन आठवडे कुणी विचारलंच नाही तर भाव पाच-दहा टक्क्यांनी खाली आणा आणि नवे फोटो टाका. त्यानंतरही हललं नाही तर टप्पा ६ पुन्हा करा. मधल्या काळात त्याच कार्डाची पुनर्छपाई आली असेल किंवा कुणी दहा एकदम विकायला काढली असतील. रोज भाव बदलत राहू नका, गिऱ्हाईक थांबून बघत बसतं. गिऱ्हाईक शोधावं लागणाऱ्या गटातली कार्डं वेगळी नोंदवून ठेवा, आणि त्या विषयाचे संग्राहक जिथं जमतात तिथं वर्षातून दोनदा दाखवा. बल्क खेळनिहाय गठ्ठे करून वजनावर किंवा शेकड्यावर द्या.

वहीत प्रत्येक विक्रीची तारीख, रक्कम, खर्च आणि मूळ खरेदी किंमत लिहा. घरातली चार कार्डं विकणं वेगळं आणि नियमाने घेऊन विकणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तो धंदा धरला जातो आणि त्याचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवावं लागतं. रक्कम मोठी असेल तर ही वही आणि बँकेचा उतारा घेऊन मार्च संपायच्या आत सीएला भेटा.